अकरा अनारसे

आमच्या घरात फुटबॉल शिरला तो गवताच्या वाटेने. बाबा दापोलीला शेती शिकले, भातावर आणि हापूसवर पानंच्या पानं लिहून पहिल्या वर्गात पास झाले, आणि नोकरी मात्र त्यांना लागली कतारमध्ये, वाळवंटात गवत वाढवायची. एका फुटबॉल क्लबच्या मैदानाचं गवत त्यांच्या ताब्यात होतं. मी त्यांची एकुलती एक मुलगी, पण घरातलं लाडकं अपत्य कोण असं कुणी विचारलं असतं तर मी बिनदिक्कत त्या मैदानाकडे बोट दाखवलं असतं. मला ताप आला की बाबा कपाळाला हात लावून, गोळी देऊन कामाला जायचे; गवतावर पिवळा डाग दिसला की त्यांना जेवण जात नसे. उन्हाळ्यात पाणी दिवसातून किती वेळा, ऑक्टोबर लागला की जुन्या गवतातच थंडीच्या गवताचं बी कधी फेकायचं, कापताना पातं किती वर ठेवायचं, हे सगळं जेवताना आमच्या ताटांवरून चालायचं. "मेलं गवत ते, शेळीसुद्धा बघायची नाय त्याच्याकडे," असं आई म्हणायची, आणि शेळीचं नाव निघालं की बाबा खरोखर दचकायचे.

आम्ही अल गराफा नावाच्या वस्तीत राहायचो. उंच भिंतीच्या आत पुढे एक मोठा बंगला, मागे आमच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, मध्ये फरशीचं अंगण. पुढचा बंगला क्लबने परदेशी खेळाडूंसाठी घेतलेला होता. पहाटेची अजान झाली की शेजारपाजारच्या फाटकांतून शाळेच्या गाड्या निघायच्या, मग दिवसभर एसीची घरघर, आणि त्या घरघरीवर मात करणारा एकच आवाज, आईचा मिक्सर. तो तिने विमानात मांडीवर घेऊन आणला होता, असं बाबा सांगायचे. आईने ते कधी नाकारलं नाही. ती चिपळूणची. इंग्रजी तिला येत नव्हतं, हिंदी कामापुरतं, आणि अरबी म्हणाल तर "शुक्रन" म्हणजे आभार आणि "खलास" म्हणजे संपलं, एवढ्या दोन शब्दांवर ती सूक वाकिफच्या बाजारात मिरच्यांचा भाव पाडायची. मी इंग्रजी शाळेत जाणारी, म्हणून घरातली सरकारी दुभाषी मी. आज माझा मुलगा मी मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देतो तेव्हा मी चिडते, पण खरं तर त्या वयात मीही काही वेगळी नव्हते. फक्त आईपुढे ते खपत नसे.

मी पंधरा वर्षांची होते त्या वर्षी पुढच्या बंगल्यात मेक्सिकोचा एक डिफेंडर राहायला आला. नाव तिबुर्सियो. बाबांनी त्याचं पहिल्याच दिवशी तिबो केलं आणि आईने आठवड्याभरात तिबूभाऊ. तो पस्तिशीचा होता, म्हणजे फुटबॉलच्या हिशेबात म्हातारा. उंच, रुंद, नाक दोनदा मोडून थोडं डावीकडे गेलेलं, आणि चेहरा कायम आत्ताच काहीतरी गमतीचं ऐकल्यासारखा. त्याच्या वडिलांची एका लहान गावात विटांची भट्टी होती. गावच्या संघात तो आधी गोल मारायला उभा राहायचा, पण पळण्यात मंद म्हणून त्याला मधल्या फळीत टाकलं, तिथेही मंद ठरला म्हणून मागे, आणि मागे मात्र त्याला एकाएकी सगळं दिसायला लागलं. "पुढे उभं राहिलं की पाठीमागे काय चाललंय कळत नाही," तो म्हणायचा. "मागे उभं राहिलं की अख्खा खेळ समोर असतो. मग पळायला कशाला पाहिजे?" सतरा वर्षं तो असा मागे उभा राहिला, पाच क्लबांतून. देशाच्या संघातून एकदाच खेळला, शेवटची सात मिनिटं. त्या सात मिनिटांची कॅसेट त्याच्याकडे होती आणि आम्ही ती इतक्या वेळा पाहिली की कुठल्या क्षणाला मागच्या रांगेतला माणूस टोपी काढतो हेसुद्धा मला पाठ झालं. त्याने जन्मात दोनच गोल केले होते. "आणि दोन्ही आमच्याच जाळ्यात," असं सांगून तो स्वतःच सगळ्यांत आधी हसायचा.

त्याची बायको आणि दोन मुलं मेक्सिकोतच होती. क्लबने त्याला एका मोसमापुरतंच घेतलं होतं. जानेवारीत क्लबवाले ठरवणार होते की पुढे ठेवायचं की नाही. ठेवलं तर बायकामुलं इकडे येणार, नाही तर तो परत जाणार आणि या वयात त्याला दुसरा क्लब मिळणार नाही, हे तो अगदी सहज सांगायचा, उद्या भाजीला काय आहे हे सांगावं तसं. पण त्याची मुलगी माझ्याएवढी होती आणि तो मला रोज काहीतरी विचारायचा. तुमच्या शाळेत स्पॅनिश बोलणारं कुणी आहे का? मुलींना पोहायला जागा आहे का? तेव्हा मला कळायचं की सहज वगैरे काही नाही.

आईची आणि त्याची ओळख झाली ती भाकरीवरून. एका दुपारी आई तांदळाची भाकरी थापत होती, दार उघडं होतं, आणि तो थापण्याच्या आवाजावर अंगण ओलांडून आला आणि दारात उभा राहिला.  आईने मला हाक मारली, "काय गो वैजू, काय हवाय ह्याला विचार." त्याला काही नको होतं. त्याची आई असाच आवाज करत मक्याची पोळी थापायची, एवढंच. आईने हे ऐकलं, मुकाट्याने एक ताट घेतलं, त्यात भाकरी, लसणाची चटणी आणि काळ्या वाटाण्याची उसळ वाढली आणि त्याच्या हातात दिली. चटणी फार तिखट आहे असं सांग म्हणाली, पण मी सांगेपर्यंत त्याने ती बोटाने चाटून पुसून संपवली होती. त्या क्षणी आईच्या मनात त्याची जागा पक्की झाली. पुढच्या शुक्रवारी तिने मक्याचं पीठ आणवलं आणि तीन दिवस त्याच्याशी झगडली. ते पीठ चिरायचं, तुटायचं. चौथ्या दिवशी जमलं तेव्हा तिबो खाताना रडला आणि मग मिरचीमुळे रडलो असं म्हणाला.

थंडी सुरू झाली की शुक्रवारी आम्ही समैस्माला समुद्रावर जायचो. बाबांच्या ओळखीचे चिपळूण-खेडकडचे वेल्डर, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, सगळे एकटे राहणारे, ते पिकअपमधून यायचे आणि ओहोटीच्या ओल्या वाळूवर फुटबॉल खेळायचे. एकदा तिबोही आमच्याबरोबर आला आणि चपला काढून सरळ त्यांच्यात जाऊन उभा राहिला. सतरा वर्षं खेळलेला माणूस, पण वाळूत त्याचा चेंडू भलतीकडे गेला, समोरच्या ड्रायव्हरने तो उचलून गोल मारला. तिबो जागच्या जागी थांबला आणि त्याने उजवा हात सरळ वर केला, वर्गात उत्तर येणाऱ्या मुलासारखा. शांताराम नावाचे एक वेल्डर होते, ते म्हणाले, "अहो साहेब, हात कसला वर करताय? हितं कोण बघतंय?" मी ते तिबोला सांगितलं. तो घाम पुसत म्हणाला, "गोल खाल्ला की दहा जण एकमेकांकडे बघायला लागतात, कोणाचं चुकलं ते शोधायला. ते शोधत बसले की दुसरा गोल येतो. म्हणून ज्याचं चुकलं त्याने आधीच हात वर करायचा. मग सगळे परत चेंडूकडे बघतात." शांतारामांना हे फारच आवडलं. त्या संध्याकाळी जो तो हात वर करत होता, काही जण तर चूक नसताना. आई चटईवर बसून कांदे चिरत होती. तिने विचारलं, हे सगळे असे काय करतायत? मी तिला सगळं समजावून सांगितलं आणि ती "बरं" म्हणाली.

आता अनारशांबद्दल सांगायला हवं, आणि आईच्या एकुलत्या एका गुन्ह्याबद्दल. आई कमालीची नियम पाळणारी बाई. रिकाम्या रस्त्यावर, एकही गाडी नसताना, ती हिरवा दिवा लागेपर्यंत उन्हात उभी राहायची. पण खसखशीला कतारमध्ये बंदी आहे, आणि खसखशीशिवाय केलेला अनारसा हा अनारसा नव्हे अशी तिची श्रद्धा. इथल्या बाकीच्या मराठी बायका तीळ लावून भागवायच्या. आई त्यांचे अनारसे खाऊन "छान झालेत हां" म्हणायची आणि घरी येताना गाडीत गप्प बसायची. आदल्या वर्षी गावाहून परतताना तिने मेतकुटाच्या डब्यात तळाशी एक पुडी घातली. इथे आल्यावर ती एका छोट्या बाटलीत गेली आणि बाटलीवर तिने स्वतःच्या हाताने चिठ्ठी चिकटवली, राजगिरा. हे बाबांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं, कारण मी एकदा उपासाला राजगिरा म्हणून ती बाटली काढली होती आणि आईने ती माझ्या हातातून अशी काही घेतली की मला सगळं कळलं. दोघींत त्याबद्दल पुढे एक शब्दही झाला नाही.

त्या दिवाळीचे अनारसे मी अजून विसरले नाही. तीन दिवस तांदूळ भिजत, रोज पाणी बदलायचं, मग ते सावलीत सुकवून दळायचे, गूळ घालून पीठ मुरवायचं. तळायच्या दिवशी आई देवाचं नाव घेऊन पहिला अनारसा तुपात सोडायची, खसखशीची बाजू वर, आणि आम्ही दोघी श्वास रोखून बघायचो, कारण पीठ बिघडलं असेल तर अनारसा तुपात विरघळून पसरतो. त्याला अनारसा हसला म्हणतात. त्या वर्षी एकही हसला नाही. जाळी पडली होती, तुपाचा वास अंगण ओलांडून गेला होता, आणि आई इतकी खुशीत होती की माझा चाचणीतला गणिताचा पेपर तिने न ओरडता सही करून परत दिला.

भाऊबीजेला आईला भाऊ नसायचा. म्हणजे चिपळूणला होता, पण इथे नाही, म्हणून ती दरवर्षी गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळायची. त्या वर्षी तिने मला सांगितलं, "जा, तिबूभाऊला बोलव. अंघोळ करून ये म्हणावं." तो आला, धुतलेला शर्ट घालून, केस चापून बसवून. पाटावर मांडी घालता येईना, गुडघे कानाशी आले. आईने कुंकू लावलं, सुपारी आणि अंगठी ओवाळली, निरांजन ओवाळलं. मी बाजूला बसून इंग्रजीत सांगत होते की बहीण भावाला ओवाळते आणि भाऊ तबकात काहीतरी घालतो. तो म्हणाला, काय घालू? मी म्हटलं, काहीही. तो उठला, बंगल्यात गेला आणि आपला चार नंबरचा शर्ट घडी घालून घेऊन आला आणि तबकात ठेवला, निरांजनापासून जरा लांब. आईने पदराने डोळे टिपले. मग मला म्हणाली, "आजपासून मामा म्हण हां त्याला." पंधरा वर्षांच्या मुलीला असल्या गोष्टींची जी लाज वाटते ती मला वाटली. मी हो म्हटलं आणि त्याला तिबोच म्हणत राहिले. आईने त्याच्यापुढे अनारशांचं ताट ठेवलं. त्याने एक खाल्ला, डोळे मिटले, दुसरा घेतला.  अकरा खाल्ले त्याने. दुसऱ्या दिवशी त्याचा सामना होता.

सामना त्यांनी जिंकला. त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा जेवायला घरी आले, खुशीत होते, गवत टिकलं होतं. आमटी ओरपता ओरपता म्हणाले, "तिबोचा काल नंबर लागला." सामन्यानंतर चिठ्ठ्या टाकून दोन्ही संघांतल्या दोघादोघांची लघवी तपासायला घेतात, कुणी काही उत्तेजक घेतलंय का बघायला, त्यात तिबोची चिठ्ठी निघाली होती. बाबा हसत सांगत होते, "क्लबच्या डॉक्टर इद्रिसनी सकाळी सगळ्यांना बसवून लेक्चर दिलं. आता इतकं बारीक तपासतात म्हणे, की खसखस खाल्ली तरी अफूचा अंश सापडू शकतो. अफूच्या बोंडातलीच ना ती. एक-दोन जण असे बाद झालेत म्हणाले, वर्षा-दोन वर्षांची बंदी. म्हटलं, डॉक्टर, ह्या देशात खसखस आणायची कुठून?" आईच्या हातात भाताची वाटी होती. ती तिने ताटात पालथी केली, पण ताट माझं होतं आणि माझा भात आधीच वाढून झाला होता. मी तिच्याकडे बघितलं आणि तिने माझ्याकडे.

ती उठली, आत गेली आणि बाटली आणून बाबांच्या ताटाशेजारी ठेवली. बाबांनी चिठ्ठी वाचली. "राजगिरा," ते म्हणाले. मग त्यांनी झाकण उघडलं. बाबा ओरडणारे गृहस्थ नव्हते. ते हात धुऊन आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "सुलभा, किती खाल्ले त्याने?" आईने सांगितलं.  मग बाबा म्हणाले की सापडेलच असं नाही. निकाल यायला दहा-बारा दिवस आहेत. आपण सांगितलं तर आधी हेच विचारणार की बंदी असलेली वस्तू घरात कशी आली, आणि मग नोकरी, व्हिसा, वैजूची दहावी, सगळं एका बाटलीपायी. नाही सापडलं तर उगाच सांगून बसलो असं होईल. त्यांचं चुकत होतं असं मला आजही म्हणवत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच बोलले असते, आणि बहुधा जास्त मोठ्याने.

दोन दिवस आमच्या घरात जेवणाला चव नव्हती, शब्दशः, कारण आई मीठ विसरत होती. ती मला पुन्हा पुन्हा एकच विचारायची, "म्हणजे त्याला खेळूच देणार नायत?" मी म्हणायची, सापडलं तर नाही देणार. तिसऱ्या दिवशी सकाळी तिबो अंगणात आला, हातात एक कागद, त्याच्या मुलीने फॅक्सने पाठवलेला. तिने आपल्या नव्या खोलीचं चित्र काढलं होतं, कल्पनेने, खिडकीत उंट. त्याने मला विचारलं, उंट खिडकीतून दिसतात का? मी म्हटलं, नाही. "सांगू नको तिला," तो म्हणाला आणि शीळ घालत सरावाला गेला. आई दारात उभी होती. त्या कागदावर काय आहे ते तिने मला विचारलं आणि मी सांगितलं. मग, का कोण जाणे, मी पुढे म्हटलं, "आई, तो समैस्माला काय म्हणाला होता आठवतं? दुसरे शोधायला लागायच्या आधी हात वर करायचा."  आईने गॅस बंद केला, साडी बदलली, बाटली पिशवीत घातली. बाबा आत दाढी करत होते. आईने बाहेरूनच सांगितलं, "अहो, मी सांगायला जातेय." आतून नळाचा आवाज थांबला. मग बाबा म्हणाले, "थांब. गाडी काढतो."

तिबो आम्हाला क्लबच्या दारातच भेटला. मी त्याला सगळं सांगितलं, खालमानेने, एका दमात. खसखस म्हणजे काय, ती कुठून आली, कुणी लावली. मला वाटलं होतं तो चिडेल. त्याचा चेहरा पांढरा पडला खरा, आणि तो भिंतीला टेकला. पण मग त्याने आईकडे बघितलं, तिच्या पिशवीकडे बघितलं, आणि मला हळूच म्हणाला, "ती बाटली समुद्रात टाका. डॉक्टरला मी सांगतो, बेकरीतला पाव खाल्ला म्हणून. तुमचं नाव कशाला?" मी ते मराठीत सांगितलं. आई म्हणाली, "चल, आधी डॉक्टरकडे चल," आणि पुढे चालायला लागली.

डॉक्टर इद्रिस सुदानचे. चष्म्याच्या वरून बघणारे, हळू बोलणारे. आम्ही चौघे त्यांच्या खोलीत शिरलो तेव्हा त्यांना वाटलं बाबांना काही झालंय. तिबोने कुणाला बोलू न देता सुरुवात केली. आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाला की सामन्याच्या आदल्या दिवशी त्याने पाव खाल्ला, वर त्या बिया होत्या, दोन-तीन तुकडेच खाल्ले. डॉक्टरांनी विचारलं, कुठल्या बेकरीत?  "कारण या देशात," डॉक्टर म्हणाले, "तसा पाव कुठलीच बेकरी करू शकत नाही." मग ते तिबोकडे बघायला लागले, तिबो जमिनीकडे, बाबा तिबोकडे, मी बाबांकडे.  आईला यातलं एक अक्षर कळलं नव्हतं, पण चेहरे कळत होते. तिने पिशवी खाली ठेवली आणि उजवा हात सरळ वर केला.

तो हात मला अजून दिसतो. हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या होत्या, पण हात खाली येत नव्हता. तिबोच्या तोंडून काहीतरी स्पॅनिशमध्ये निघालं. मला रडू कोसळलं, आणि मी रडत रडतच आईचं बोलणं डॉक्टरांना सांगितलं. "माझं चुकलं म्हणावं. मी आणली, मी लावली, मी वाढले. ह्याला काय ठाऊक नव्हतं. आणि दोन-तीन नाय. अकरा."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "अकरा?" त्यांनी तिबोला विचारलं. वजनावरून क्लब त्याला आधीच बोलत असे, त्यामुळे तिबोला खसखशीपेक्षा याचीच लाज वाटली असावी. त्याने मान डोलावली. मग डॉक्टरांनी आईला विचारलं, खसखस किती लागते, एका बाजूला की दोन्ही, आणि आईने पिशवीतून बाटली काढून, टेबलावर हातानेच अनारसा थापून दाखवला. गुन्हा कबूल करायला आलेली बाई पाककृती सांगत होती आणि डॉक्टर लिहून घेत होते. शेवटी त्यांनी एक कागद तयार केला. निकाल येण्याआधी खेळाडूने स्वतः येऊन सांगितलं, सणाचं घरगुती गोड खाल्लं, इतकं इतकं, असं त्यात लिहिलं, तारीख घातली आणि तिबोची सही घेतली. निकाल वाईट आला तर हा कागद उपयोगी पडेल, म्हणाले, पण मग शेजाऱ्यांचं नावही विचारलं जाईल. नाही आला तर प्रश्नच नाही, इन्शाल्ला. मग बाटली घेऊन ते स्वतः बेसिनपाशी गेले, नळ सोडला आणि सगळी खसखस वाहून जाऊ दिली. "खलास," ते म्हणाले. रिकामी बाटली आईच्या हातात परत देताना त्यांनी मला सांगितलं, "आईला सांग, माझी आईसुद्धा माझ्या बॅगेत काय काय लपवते. पण मी उघडून बघतो." हे मी सांगितल्यावर आई त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

पुढचे नऊ दिवस बाबा गवताबद्दल बोलले नाहीत, यावरून काय ते समजा. आईने एक सूटकेस काढून पुसून ठेवली होती, कुणी न सांगता. तिबो मात्र रोज सकाळी अंगणात येऊन "यल्ला, वैजू", म्हणजे चल वैजू, म्हणत मला शाळेच्या गाडीपर्यंत सोडायचा. मला वाटतं तो आमच्यापेक्षा जास्त घाबरला होता आणि आम्हाला ते दिसू नये म्हणून शीळ घालत होता. दहाव्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. बाबांनी उचलला, दोनदा "येस, येस" म्हटलं आणि फोन ठेवून ते चक्क स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून खाली बसले. काहीही सापडलं नव्हतं. आईने हात जोडले, देवाला साखर ठेवली. मग भाजी ढवळता ढवळता तिच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, ती थांबली आणि जरा दुखावून म्हणाली, "अकरा खाऊन कायच नाय? म्हणजे मेली खसखस कमीच लागली होती." बाबा तसेच जमिनीवर बसून हसायला लागले, आणि ते हसणं ऐकून तिबो अंगणातून धावत आला. तो धावलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

त्यानंतर आमच्याकडे अनारसे तिळाचेच झाले. मीही तिळाचेच करते. चांगले होतात, पण आईचा दर घासाला येणारा उसासा त्यांच्यात असतोच, आता ती नसली तरी. रिकामी बाटली मात्र माझ्याकडे आहे, चिठ्ठीसकट. सध्या तिच्यात खरोखरच राजगिरा आहे.

क्लबने तिबोला एक वर्ष वाढवून दिलं, फक्त एकच. बायकामुलं आली, खिडकीतून उंट दिसले नाहीत म्हणून त्याची मुलगी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही, आणि मग ती आणि मी इतक्या मैत्रिणी झालो की तो एक वेगळाच विषय आहे. दुसऱ्या मोसमात त्याचा गुडघा गेला. शेवटच्या सामन्याला आम्ही सगळे मैदानात होतो. आईने साडीवर त्याचा चार नंबरचा शर्ट घातला होता, जो तिला गुडघ्यापर्यंत येत होता, आणि बाबा खेळाऐवजी गवताकडे बघत होते. संपायला पाच मिनिटं असताना त्याला बाहेर बोलावलं. तो मैदानाच्या कडेकडेने लंगडत, लोकांच्या टाळ्या घेत येत होता. आमच्यासमोर आला तेव्हा आई उठून उभी राहिली आणि तिने उजवा हात सरळ वर केला. तो थांबला. मग त्यानेही हात वर केला, आणि दोघे तसेच उभे राहिले, मध्ये लोखंडी कठडा. माझ्या शेजारी एक मल्याळी बाई बसल्या होत्या. त्यांनी काळजीने विचारलं, "क्या हुआ? उसने कुछ गलती किया?"

"नहीं आंटी," मी म्हटलं. "वो मेरे मामा हैं."